तो ‘येते’ म्हणतो

४ फेब्रुवारी

दादा,

वर काय लिहायचं यावर दोन कागद फाडून झाले. ‘तीर्थरूप’ लिहिलं तर तुला टोमणा वाटेल, ‘प्रिय’ लिहिलं तर मलाच खोटं वाटेल. म्हणून नुसतं दादा. ते जन्माने मिळालंय, भांडणाने जात नाही.

फोन करता आला असता. दर रविवारी तू आईला करतोसच. मी खोलीत आले की आई “बरं, ठेव आता” म्हणते, जशी काही मी मीटर वाचायला आलेली बाई. पण आपल्या दोघांत पहिला शब्द कोणी बोलायचा हे इतक्या वर्षांत ठरलेलं नाही, आणि आज ते ठरवत बसायला वेळ नाही. काम आहे.

एका फॉर्मवर प्रश्न आहे: ‘या देशात आपले कोणी नातेवाईक राहतात का?’ पुढे दोन चौकोन. होय, नाही. मी पेन धरून बसले आहे. तूच सांग, काय लिहू?

फॉर्म तुझ्या देशाचा आहे. तुझा म्हणजे आता तुझाच. तिथल्या एका माणसाशी मी लग्न करते आहे. आधी व्हिसा, मग तिथे जाणं, मग ठरलेल्या मुदतीत लग्न; मुदतीत नाही झालं तर आल्या पावली परत. आई त्याला लंबू म्हणते. पहिल्यांदा घरी आला तेव्हा दाराच्या चौकटीवर त्याचं कपाळ आपटलं होतं. “वाकायची सवय नाही वाटतं पाहुण्यांना,” आई म्हणाली. तो कपाळ चोळत हसत राहिला. एक अक्षर कळलं नव्हतं.

मी अजून त्याच लॅबमध्ये कवळ्या बनवते. मालकांनी दोन वर्षांपूर्वी दात कोरणारं यंत्र घेतलं, ते बसवायला कंपनीने लंबूला पाठवलं. म्हणजे ज्या यंत्राने माझं निम्मं काम खाल्लं, ते घेऊन आलेला माणूस. पहिले काही दिवस मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग यंत्रातून पहिला दात निघाला. तो तळहातावर ठेवून सगळ्या टेबलांवरून मिरवत माझ्यापर्यंत आला. मी म्हटलं, “घोड्याचा आहे का?” त्याला कळेना, म्हणून मेणाच्या पुडक्यावर घोडा काढून दाखवला. तो इतका हसला की मालक केबिनमधून बाहेर आले. ‘घोडा’ हा त्याचा पहिला मराठी शब्द.

परत गेल्यावर तो रोज सकाळी फोनवर मराठी शिकायला लागला. माझ्याकडून. बाकी तुला सांगण्यासारखं काही नाही, आणि असलं तरी तुला सांगणार नाही.

आता हे नीट वाच. त्याचं गाव तुझ्यापासून फार लांब नाही असं नकाशा सांगतो. फॉर्मची एक प्रत सोबत जोडते, तुझं नाव आणि पत्ता बरोबर लिहिलाय का ते बघ, एवढ्यासाठीच. त्यावर त्याच्या कंपनीचाही पत्ता आहे. तरी मुद्दाम सांगते, तू त्याला बघायला जाऊ नकोस. मागच्या खेपेला तूच बघितलं होतंस. अर्ध्या तासाच्या चहात ‘माणूस हिरा आहे’ म्हणून आलास. हिऱ्याने काय काय कापता येतं ते मी त्या घरात राहून शिकले. तुझ्यावर राग आहे असं नाही. तुझ्या नजरेवर भरवसा नाही.

फक्त चौकोनाचं कळव. होय की नाही.

तुझी बहीण


२७ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही. मी ‘होय’वर खूण केली. खोटं लिहिलं तर पकडतात म्हणे, आणि ‘नाही’ लिहिताना हात अडला. त्याचा फार अर्थ लावू नकोस.

पुढचं काम म्हणजे पुरावे. आमचं खरंच जमलंय, हे कागदावर सिद्ध करायचं. फोटो, तिकिटं, आणि एकमेकांना पाठवलेले निरोप छापून त्यांचा गठ्ठा. मावशी म्हणाली, “आमच्या वेळी लग्न झाल्यावरसुद्धा प्रेमाचा पुरावा कोणी मागितला नाही.” आई म्हणाली, “मागितला असता तर दिला कुठून असतास?” मी गेल्यावर मावशी इथे राहायला येणार आहे. दोघी आत्तापासूनच पलंगावरून भांडतायत.

आईला लंबू आवडतो, पण विश्वास नाही. “गोड बोलतो,” असं ती म्हणते, आणि ‘गोड’ हा शब्द असा उच्चारते जसं काही मधुमेहाचं निदान सांगतेय. “तिथे घरी कोणी नसेल कशावरून? तू बघायला गेली होतीस?” मी गेले नव्हते. मला फक्त फोनच्या चौकटीतलं घर माहीत आहे. एक टेबल, त्यामागे खिडकी, खिडकीत कुंडी. चौकटीबाहेर काय आहे, देव जाणे.

तर ते निरोप चाळत बसले. आणि तुला एक गंमत सांगते. लंबू बायकी बोलतो. म्हणजे आवाज पुरुषाचाच, चांगला खर्जातला. पण मराठी माझ्याकडून शिकला, म्हणून माझ्यासारखं बोलतो. ‘मी आले.’ ‘मी जेवले.’ ‘आज फार दमले गं.’ फोन ठेवताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो, हे मी त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. म्हणून रोज फोन ठेवताना हा एवढा ताडमाड माणूस म्हणतो, “येते.”

मी कधी सुधारलं नाही. सुधारायला हवं होतं, कळतं मला. पण एकदा आमचा खटका उडाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने मान खाली घालून म्हटलं, “मी चुकले.” दादा, आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या पुरुषाच्या तोंडून हे ऐकलं. ‘चुकलो’ म्हणणारा कोणी भेटलाच नव्हता, मग ‘चुकले’ तरी का बदलू? ते तसंच राहू दिलं. घरातल्या घरात ठेवायची वस्तू असते ना, तसं.

सगळे निरोप छापून दिले. मुलाखतीची तारीख आली की कळेल.


२२ मार्च

दादा,

तू वाचतोस की नाही मला ठाऊक नाही. आज वाचत नसलास तर बरं, कारण आज मी जे लिहिणार आहे ते ऐकून तू ‘बघ, मी म्हटलं होतं’ म्हणशील. तू काही म्हटलं नव्हतंस, तरी म्हणशील.

कुठेतरी पाणी मुरतंय.

गेल्या सोमवारी फोन ठेवताना लंबू म्हणाला, “येतो.”

मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मंगळवारी म्हणाला, “मी जेवलो.” बुधवारी, “आज उशीर झाला, धावत आलो.” मी विचारलं, “हे कुठे शिकलास?” तर म्हणतो, “ऐकून ऐकून.” कोणाचं ऐकून? त्याच्या गावात मराठी बोलणारं कोणी नाही, असं त्यानेच सांगितलं होतं. म्हणून तर माझ्याशी बोलायची इतकी ओढ, असंही त्यानेच सांगितलं होतं.

आणि गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी तो फोन उचलत नाही. पूर्वी मी मोजत नव्हते. आता मागे जाऊन बघितलं, तर गेले कित्येक गुरुवार असंच. विचारलं तर, “काम असतं.” कसलं काम? “बसायचं काम.” आता बसायचं काम म्हणजे काय, तू सांग. मराठी कमी पडतं म्हणून असं बोलला की मराठी पुरेसं आलंय म्हणून?

शुक्रवारी सकाळी फोनवर त्याच्यामागे टेबल दिसत होतं. टेबलावर दोन कप. एक त्याचा, तो मला माहीत आहे, त्याचा कान तुटलाय. दुसऱ्यावर बशी पालथी घातलेली. चहा गार होऊ नये म्हणून घालतात तशी. कोणीतरी ठेवला होता आणि विसरला होता. तिथली माणसं असं करत नाहीत, लंबू तर बशीच वापरत नाही. ही बाईमाणसाची सवय आहे. आपल्यातल्या बाईमाणसाची.

फोन आईच्याच हातात होता तेव्हा. तिने डोळे बारीक करून बघितलं, मग मला फोन दिला आणि कवळी काढून वाटीत ठेवली. तुला माहीत नसेल, मी करून दिलेली कवळी आई दोनच वेळा काढते, झोपताना आणि बोलायचं नसताना. सकाळचे नऊ वाजले होते. म्हणजे तिलाही दिसलं. आणि तिला बिचारीला माझ्याजवळ बोलवेना.

आमच्याकडे कवळी तयार झाली की निळा कागद लागतो. पेशंटने दातांत धरून चावायचं, जिथे निळा ठिपका उठेल तिथे दात उंच आहे, तो घासायचा. पण कागद फार वेळ चावत बसलं की सगळेच दात निळे होतात, मग खरा उंच कुठला हे कोणालाच सांगता येत नाही. माझं तसं झालंय. तो हसला तरी निळं, गप्प बसला तरी निळं.

तिथे कोणीतरी आहे. शिकलेली असणार, व्याकरण जाणणारी. माझ्यासारखी चुकीचं तसंच राहू देणारी नाही.

तिने त्याचं ‘येते’ काढून घेतलं.


९ एप्रिल

दादा,

मुलाखत झाली. म्हणजे झाली नाही, अडली.

भिंतीत काच, काचेला खाली चीर, चिरेतून कागद आत-बाहेर. पलीकडे एक तरुण अधिकारी, त्याच्या शेजारी दुभाषी बाई. पन्नाशीच्या पुढच्या, सर्दी झालेल्या, गालात गोळी धरलेल्या. बाईंची वरची कवळी नीट बसत नव्हती, ‘स’ म्हणताना खटका वाजत होता. मी सवयीने त्यांच्या तोंडाकडेच बघत होते, त्यामुळे पहिला प्रश्न ऐकूच आला नाही. तेही अधिकाऱ्याने लिहून घेतलं असणार.

कुठे भेटलात, किती वेळा भेटलात, त्याची आई कधी वारली, उशी कुठल्या बाजूला ठेवतो. शेवटचं मला माहीत नव्हतं. ते सांगताना कान तापले.

मग बाईंनी आमच्या निरोपांचा गठ्ठा पुढे ओढला, आधी दिलेला आणि त्या दिवशी मी नेलेले मार्चनंतरचेही. चष्मा वर केला.

“बाई, हे त्या माणसाने लिहिलेत?”

“हो.”

“नक्की?”

“म्हणजे काय? त्याच्याच नंबरवरून आलेत.”

“‘मी दमले.’ ‘मी तुझी वाट बघते.’ ‘मी घरी एकटी आहे.’” त्या एकेका ओळीवर बोट ठेवत गेल्या. “हे पुरुष लिहितो का? हे बाईने लिहिलंय. मी यांना तसं सांगितलंय. यांचं म्हणणं, दोन्ही बाजू तुम्हीच लिहिल्यात.”

दादा, मला हसू आलं. तिथे हसायचं नसतं. मी म्हटलं, “अहो, तो माझ्याकडून शिकलाय. मी बोलते तसं बोलतो.”

बाईंनी ते सांगितलं. अधिकाऱ्याने मान हलवली, काही पानं उलटली आणि एका तारखेखाली रेघ मारून विचारलं. बाईंनी खटक्यासकट मला सांगितलं: “मग मार्चपासून सगळं पुरुषासारखं कसं झालं? चूक लक्षात आल्यावर दुरुस्त केलंत का?”

मी काय सांगणार होते? की साहेब, हाच प्रश्न माझाही आहे? की तुम्हाला वाटतं तो माणूस नाहीच, आणि मला वाटतं तिथे अजून एक बाई आहे? काचेपलीकडून गप्प बसणं फार वाईट दिसत असणार.

पुन्हा बोलावलंय. माझ्यासमोर ते त्याला फोन लावणार, कधी लावणार ते त्याला कळवायचं नाही. तो काय बोलतो त्यावर ठरेल. नाही पटलं तर अर्ज बंद, आणि एकदा खोटेपणाचा शेरा बसला की दुसरा अर्ज घेत नाहीत.

घरी आले. आई म्हणाली, “काय झालं?” मी म्हटलं, “त्यांना संशय आहे.” आई म्हणाली, “त्यांचं ठीक आहे, त्यांना त्याचा पगार मिळतो. तुझं काय?”


१२ एप्रिल

दादा,

दोनच ओळी. एक क्षण वाटलं होतं की तुला सांगावं, जा, बघून ये. लिहिलंसुद्धा होतं. फाडलं. त्याला बघायला कोणालातरी पाठवायचं असेल तर मी लग्न कशाला करते आहे?

अर्ज मागे घ्यावा का, असा विचार आहे. त्यांनी बंद करण्यापेक्षा आपण केलेला बरा.


४ मे

दादा,

तुला माहीत असेलच काय झालं. तुला सगळंच माहीत असतं. तरी माझ्याकडून ऐक, कारण मी काचेच्या या बाजूला होते.

अर्ज मागे घेण्याचा कागद मी पर्समध्ये घालून नेला होता. ठरवलं होतं, आधी तो काय बोलतो ते ऐकायचं. त्यांना खात्री हवी होती म्हणून त्यांनी फोन लावला, आणि मला खात्री हवी होती म्हणून मी ऐकत उभी राहिले. त्या दिवशी मी त्या अधिकाऱ्याच्याच बाजूची होते, हे आता लिहिताना कळतंय.

फोन स्पीकरवर. मागे यंत्रांची घरघर. बाईंनी मराठीतच सुरू केलं.

“आपण काय काम करता?”

“मी यंत्र बसवतो.”

“मराठी कोणाकडून शिकलात?”

“तिच्याकडून.”

“त्या तर ‘बसवते’ म्हणत असतील. तुम्ही ‘बसवतो’ म्हणताय.”

लंबू म्हणाला, “आधी मीपण ‘बसवते’ म्हणायची.”

बाईंच्या गालातली गोळी घशात जाता जाता राहिली. त्या इतक्या हसल्या की कवळी हाताने धरावी लागली. अधिकारी बघतच राहिला. बाईंनी त्याला समजावून सांगितलं, त्यातलं मला थोडं कळलं: असं ठरवून बोलता येत नाही, साहेब. हे लावलेलं नाही, हे उगवलेलं आहे.

तिथेच संपलं असतं. पण अधिकाऱ्याने पेन टेकवून विचारलं, आणि तो माझाच प्रश्न होता.

“मग तुमचं बोलणं सुधारलं कोणी?”

“सांगायचं नाही,” लंबू म्हणाला.

“हे सरकारी ऑफिस आहे. सांगावं लागेल.”

“तिला ऐकायला येते?”

“येतं. समोरच उभ्या आहेत.”

माझा हात पर्समध्ये, त्या कागदावर. मग तो म्हणाला, अगदी हळू, “मी चुकले.” आणि मग: “तिचा दादा. गुरुवारी येतो. बसतो. चहा पितो. मला म्हणतो, अरे पुरुषासारखा बोल, तिच्या आईसमोर लोक हसतील तुला.”

मी त्या चिरेची कड धरली. अधिकाऱ्याने फॉर्म उलटला, ‘होय’च्या चौकोनावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. भाऊ दर आठवड्याला तुमच्या होणाऱ्या नवऱ्याकडे जातो आणि तुम्हाला माहीत नाही?

मी म्हटलं, “आमच्यात बोलणं नाही.”

बाईंनी त्या तीन शब्दांचं भाषांतर बराच वेळ केलं. हातवारे करून केलं. बहुधा त्यांचाही कोणी दादा असावा.

बाहेर पायऱ्यांवर त्या मला गाठून म्हणाल्या, “एक विचारू? तुम्हाला काय वाटलं होतं, कोण शिकवतंय?” मी सांगितलं. तर कपाळाला हात लावून म्हणतात, “अहो, बाई असती तर तो अजून ‘येते’च म्हणाला असता ना!”

इतकं सोपं होतं. मी बाई शोधत होते, म्हणून भाऊ दिसला नाही. कपावर बशी पालथी घालणारा या घरात एकच माणूस होता, आणि चहा तसाच विसरून उठणाराही तोच. आईला विचारलं, “तुला कळलं होतं?” तिने कवळी नीट बसवली आणि मुद्दाम स्पष्ट बोलली: “पोटच्या पोराची बशी ओळखणार नाही का मी?”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू त्याला जाऊ नकोस म्हणालीस. तो गेला. सांगितलं असतं तर तुम्ही दोघं पुन्हा भांडला असता, आणि आता मला मध्ये पडायला जोर राहिला नाही.”

मी रडले. पण आनंदाने रडले असं समजू नकोस. मी चिडलेय, दादा. तुझ्यावर आणि त्याच्यावर. दोन पुरुष मिळून एका बाईपासून काहीतरी लपवतात आणि त्याला काळजी म्हणतात. मागेही असंच झालं होतं. तू आणि तो पहिला, बाहेरच्या खोलीत चहा घेत, आणि मी आत. या वेळी मी निदान समोर उभी होते, पण काचेआडून.

लंबूचा फोन मी आठवडाभर उचलणार नाही. तुला पत्रं लिहिते त्याअर्थी तुझ्यावर तितकी रागावले नाही, असं समजलास तर तेही चूक. तुझा फोन आलाच नव्हता, मग न उचलायचा कसा?


१७ मे

दादा,

उचलला शेवटी. म्हटलं, आता पहिल्यापासून सांग, एकही गुरुवार गाळू नकोस.

तो म्हणाला, तू फेब्रुवारीतच गेलास. माझं पहिलं पत्र मिळाल्या मिळाल्या. वर्कशॉपच्या दारात ओला कोट घालून उभा राहिलास आणि म्हणालास, “मी तिचा भाऊ. मला तुला बघायला मनाई आहे. म्हणून मी बघणार नाही. नुसता बसेन.”

आणि बसलास. त्याला वाटलं एकदाच येशील. तू दर गुरुवारी जायला लागलास. कधी त्याच्यासोबत भांडी घासलीस, कधी काही बोललाच नाहीस. त्याने एकदा विचारलं, मी पास का? तर तू म्हणालास, “मागे मी अर्ध्या तासात सांगितलं होतं. या वेळी घाई नाही. अजून बसतो.”

मला का कळवायचं नाही, हे विचारलं तर म्हणालास म्हणे, “मी काही सांगितलं तर ती त्यावरून ठरवेल. चांगलं सांगितलं तर पळेल, वाईट सांगितलं तर धावत येईल.”

हे वाक्य मी बराच वेळ चघळलं. खरं आहे, मेल्या. तू मला इतकं ओळखतोस तर मग तेव्हा कसा फसलास?

की तू फसलाच नव्हतास? की तुलाही तेव्हा संशय आला होता, आणि जमलेलं लग्न मोडायला जीभ उचलली नाही? हा प्रश्न मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तू उत्तर देऊ नकोस. पत्राने तर नकोच. समोर बसून दिलंस तर ऐकेन. तू नुसता बसलास तरी मला कळेल.

लंबूला मी एकच विचारलं. “दादाने सांगू नको म्हटलं आणि तू माझ्यापासून लपवलंस. उद्या अजून कोणी सांगेल. मग?”

तो मराठीत शोधत होता. मग म्हणाला, “मग मी आधी तुला सांगेन की कोणीतरी सांगू नको म्हणाला.” त्या वाक्यातून काय निघतं आणि काय नाही, हे मी अजून ठरवते आहे. तू असतास तर ‘माणूस हिरा आहे’ म्हणाला असतास. मी म्हणणार नाही. मला हिरा नको. हलणारा दात पुन्हा बसवता येतो, फुटलेला नाही, एवढं माझं काम मला शिकवतं. हा हलतोय. फुटलेला दिसत नाही. अजून निळा कागद लावून बघते आहे.


२० जून

दादा,

पासपोर्ट आला. आत शिक्का आहे. आईने चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, “फोटो मात्र चोरासारखा आलाय.” मावशीने पलंग जिंकला. आईने खिडकी जिंकली. मालकांनी मला शेवटच्या दिवशी यंत्राने कोरलेला एक मोठा दात भेट दिला, घोड्याच्या मापाचा. त्यांच्याही लक्षात होतं.

दुभाषी बाईंना लॅबमध्ये बोलावून त्यांची कवळी मी घासून दिली. आता त्यांचा ‘स’ वाजत नाही. जाताना म्हणाल्या, “खात्री पटली का मग?” मी म्हटलं, “तुमच्या साहेबांची पटली.” त्या म्हणाल्या, “साहेबांची कधी पटत नाही हो. ते शिक्का मारतात आणि पुढचा कागद घेतात.”

मीही तेच करते आहे. खात्री नाहीये, दादा. तिथे पोचल्यावर पहिले काही दिवस मी त्याची कपाटं उघडून बघेन, मला माहीत आहे. दारावर किती नावं आहेत, चपला कोणाकोणाच्या आहेत, सगळं बघेन. तो बघू देईल की नाही, हेही बघेन. दुधाने पोळलेली आहे, ताक फुंकूनच पिणार. पण पिणार.

तुझ्याकडे एक मागणं आहे. त्याचं मराठी सुधारतोस ते सुधार. ‘बसवतो’ म्हणू दे, ‘जेवलो’ म्हणू दे, मावशीशी बोलताना लाज जायला नको. पण ‘मी चुकले’ला हात लावायचा नाही. ते माझं आहे.

पुढच्या शुक्रवारी निघते. शनिवारी दुपारी उतरेन. विमानाचा नंबर मागे लिहिला आहे, उगाच, कागद कोरा राहू नये म्हणून. लंबूला त्या दिवशी यंत्र बसवायला कुठेतरी लांब जावं लागणार आहे, तो संध्याकाळी भेटेल. तोवर मी बाकावर बसून राहीन, मला काही होत नाही.

तू मला घ्यायला येऊ नकोस.

मुद्दाम सांगते आहे.

येते.